ओझर-दिल्ली ९९० किमीला दोन तास, दिल्ली-देहरादून २०० किमीला एक तास: हे गणित कसं बसतं?

गंगापूररोड_पश्चिम

नमस्कार मंडळी,

आई-बाबांना ऑक्टोबरात हरिद्वार-ऋषिकेशला पाठवायचं ठरतंय. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबांच्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, त्यामुळे नाशिकरोडहून गाडीत बसून रात्र आणि वर अर्धा दिवस काढणं त्यांना झेपणार नाही. म्हणून ओझरहून, म्हणजे आपल्या नाशिकच्या विमानतळावरून, दिल्ली आणि तिथून पुढच्या विमानाने देहरादून असा विचार आहे.

तिकिटं बघताना एका जागी अडलो. ओझर-दिल्ली हवाई अंतर कुठे ९९०, कुठे ९९३ किमी दाखवतात आणि तिकिटावर वेळ साधारण दोन तास. दिल्ली-देहरादून जेमतेम २०८ किमी, तरी त्याला तासभर. जेट विमान ताशी आठशेच्या वर जातं म्हणतात. त्या हिशेबाने पहिला प्रवास सव्वा तासाचा आणि दुसरा पंधरा मिनिटांचा व्हायला हवा. मग बाकीचा वेळ जातो कुठे? शिवाय दिल्लीहून परतताना तिकिटावर पाच-दहा मिनिटं जास्त दाखवतात, ती कशाची?

खरी काळजी पुढची आहे. दोन वेगळी तिकिटं काढली तर पैसे वाचतात, पण दिल्लीत मध्ये फक्त एक तास पंचवीस मिनिटं मिळतात. एवढ्यात जमेल का? जाणकारांनी सांगावं.

नकाशावाला

अंतरापासून सुरुवात करतो. हे कागदावर करता येतं, आणि करून बघण्यात मजा आहे.

ओझर विमानतळ २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व. दिल्ली विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ८.४५ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून उत्तरेकडे ९३८ किमी. रेखांशातला फरक ३.१९ अंश. रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात एक रेखांश साधारण १०१ किमीचा पडतो. म्हणून पूर्वेकडे ३२२ किमी. आता शाळेतला पायथागोरस: ९३८ चा वर्ग अधिक ३२२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ९९२ च्या जवळ येतं.

९९० आणि ९९३ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ९९३ येतात, ध्रुवांजवळची तिची चपटी बाजू हिशेबात घेतली की ९९०. काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतात, तिथे आणखी फरक पडतो. ओझर आपल्या सीबीएसपासून (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) ईशान्येला वीसेक किमीवर आहे, म्हणजे दिल्लीच्याच दिशेला.

ही कागदी रीत हजार-दीड हजार किमीपर्यंत चालते. लंडन-न्यूयॉर्कला वापरू नका. तिथे पृथ्वीची गोलाई चांगलीच आड येते आणि गोलीय त्रिकोणमितीच लागते.

रस्त्याने हेच अंतर बाराशेच्या पुढे जातं. रेल्वेने मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा वळसा असल्याने तेराशेच्याही वर.

ओझर_टाउनशिप

मी विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. वेळेचं मी सांगतो.

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेत घालवायचा वेळ नसतो. विमान उभं असताना चाकांना लावलेले चोक (अडसराचे ठोकळे) काढून ते मागे ढकलायला सुरुवात झाली की घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या गावी पार्किंगच्या जागी चाकांना पुन्हा चोक लागले की थांबतं. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणं हे सगळं त्यात आलं. ओझरला विमानं मोजकी, त्यामुळे ढकलल्यापासून उडेपर्यंत फारसा वेळ जात नाही. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत आणि विमानतळ अवाढव्य पसरलेला. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनल येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं हे आपल्याला रस्त्यानेच नेतायत की काय.

दुसरं, विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडतं. दहा हजार फुटांच्या खाली वेग सहसा २५० नॉटपर्यंत ठेवतात, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमी. ए३२० जातीचं विमान ताशी ८३० च्या आसपास जातं ते वर, पस्तीस हजार फुटांवर पोचल्यानंतर. चढायला जवळपास दोनशे किमी लागतात. उतरताना दर हजार फुटांना साडेपाच किमी धरा, म्हणजे पस्तीस हजारांवरून खाली यायलाही दोनशेच्या जवळपास. ओझर-दिल्लीच्या ९९० पैकी पुऱ्या वेगाचा पल्ला राहिला साडेपाचशे-सहाशे किमीचा.

आता देहरादून बघा. एकूण अंतरच २०८. वर जायच्या आधीच खाली यायची वेळ होते. त्या मार्गावर विमान आपल्या खऱ्या वेगाला पोचतच नाही.

तिसरं, सरळ रेघेत कोणी उडत नाही. वाऱ्याची दिशा पाहून धावपट्टीचं टोक ठरतं. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे उत्तरेला जाणारं विमानही आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला उडून मग वळतं. वाटेत हवाई दलाची राखीव क्षेत्रं येतात, त्यांना वळसा घालायचा. दिल्लीजवळ तर चहूबाजूंनी आलेल्या विमानांना एकामागे एक अंतर राखून ओळीत लावावं लागतं, म्हणून नियंत्रक कधी इकडे कधी तिकडे वळवत आणतात. प्रत्यक्ष उड्डाण हजारावर पन्नास-शंभर किमी जास्तच होतं.

आणि वर कंपनी वेळापत्रकात थोडी मोकळीक धरते, पुढची फेरी उशिरात जाऊ नये म्हणून. म्हणूनच कधी कधी अर्धा तास उशिरा निघालेलं विमान दहाच मिनिटं उशिरा पोचतं.

ढोबळ हिशेब हवा असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि वर पाऊण तास मिळवा. जेटसाठी भारतातल्या मार्गांवर हे बरंच जुळतं.

सिन्नरची_माहेरवाशीण

काका, लगेच करून पाहिलं. ओझर-दिल्ली ७४ मिनिटं अधिक ४५, म्हणजे एक तास एकोणसाठ. दिल्ली-देहरादून १६ अधिक ४५, एक तास एक मिनिट. मुंबई-दिल्ली ११४० किमी धरले तर दोन तास दहा मिनिटं. तिन्ही जवळजवळ तिकिटावरचेच आकडे!

मग ओझर-हैदराबाद का जुळत नाही? ५७३ किमी आहे. सूत्राने दीड तासही होत नाही, पण मी गेले तेव्हा त्याहून बराच जास्त वेळ होता.

ओझर_टाउनशिप

ताई, तुम्ही पंख्याच्या विमानाने गेला असाल, एटीआर ७२. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास आणि उंची वीस हजार फुटांच्या जवळपास. त्याला ८०० ऐवजी ४८० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. १ तास ४० च्या घरात येईल. अहमदाबाद, इंदूर ही ठिकाणं ओझरपासून साडेतीनशे किमीच आहेत. एवढ्या अंतरावर एटीआर आणि जेट यांच्यात फार तर पंधरा-वीस मिनिटांचा फरक, आणि इंधन मात्र एटीआरला खूपच कमी. जवळच्या शहरांना तीच विमानं लावतात ती यामुळे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघत जा.

आडगावनाका

नाशिक-मुंबई विमान का टिकत नाही, याचंही उत्तर याच हिशेबात दडलंय. हवाई अंतर १५८ किमी. सूत्राने जेटला एक तास होतो. त्यात ओझरला आधी जाऊन बसणं, मुंबईत बॅगेची वाट बघणं आणि विमानतळातून बाहेर पडणं मिळवा. २०१७ च्या डिसेंबरात उडान या छोट्या शहरांना विमानाने जोडण्याच्या सरकारी योजनेखाली नाशिक-मुंबई आणि नाशिक-पुणे छोट्या विमानांची सेवा सुरू झाली होती. टिकली नाही. आता तर ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाची कटकटही गेली.

तरी दिल्लीसाठी मुंबईला जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन. मुंबईहून पर्याय खूप आणि तिकीट कधी कधी स्वस्त, या लोभाने लोक गाडी करून जातात. चार-पाच तास रस्त्यात, आधी पोचायचे दोन तास, आणि मग विमानाने ओझरपेक्षा दीडशे किमी जास्त अंतर कापायचं. पन्नाशीच्या आतल्याला चालेल. तुमच्या वडिलांचा गुडघा बघता अजिबात नको. आणि ओझरची विमानं रिकामी गेली तर ती बंद होतात, हे आपण नाशिककरांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय. जेव्हा जमेल तेव्हा इथूनच जावं.

दुबईतला_नाशिककर

परतीच्या पाच-दहा मिनिटांबद्दल लिहितो, कारण आमच्या मार्गावर हे फार ठळक दिसतं.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, उपोष्ण जेट प्रवाह. ताशी दीडशे किमी तर नेहमीचं, कधी दोनशेच्याही पुढे. मुंबई-दुबई सुमारे १९३० किमी. दुबईला येताना हा वारा तोंडावर, मुंबईला जाताना पाठीशी. त्यामुळे हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत वीस-पंचवीस मिनिटांचाही फरक पडतो.

इथे तिकीट वाचताना एक काळजी घ्या. छापलेल्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. मुंबईहून १० ला निघून ११:४५ ला दुबई, म्हणून पावणेदोन तास वाटतात, पण प्रवास सव्वातीन तासांचा. परत येताना १ ला निघून ५:२५ ला मुंबई, दिसायला जवळजवळ साडेचार तास, खरे दोन तास पंचावन्न. आमच्याकडे नवीन आलेल्यांच्या घरचे विमानतळावर चुकीच्या वेळी येऊन थांबतात ते यामुळेच.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जेट प्रवाह हिमालयाच्या पलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर त्याहून उंचावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम् या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली त्याच्याबद्दल लिहिलं होतं.

गंगापूररोड_पश्चिम

पण दादा, दिल्ली तर उत्तरेला. वारा पश्चिमेचा. तो ना पाठीशी ना तोंडावर, आडवाच लागणार. मग फरक का पडावा?

नकाशावाला

चांगला प्रश्न. दोन कारणं आहेत.

एक, दिल्ली नेमकी उत्तरेला नाही. ओझरहून दिशा उत्तरेपासून सुमारे १९ अंश पूर्वेकडे झुकलेली. त्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्याचा थोडा भाग जाताना मदत करतो आणि येताना अडवतो. वारा ताशी १५० असेल तर हा भाग जवळपास ५० किमीचा.

दोन, आडवा वाराही वेळ खातो, दोन्हीकडे. गोदावरीला पाणी असताना नावाडी समोरच्या घाटावर जायला नावेचं तोंड थोडं वरच्या अंगाला ठेवतो, नाहीतर नाव वाहत खालच्या घाटाला लागेल. विमानही तसंच नाक वाऱ्याकडे वळवून उडतं. त्या वळवण्यात थोडा वेग खर्च होतो. हवेतला वेग ८३० असेल आणि आडवा वारा १४२, तर मार्गावर उपयोगी पडणारा वेग ८१८ उरतो. त्यात जाताना ५० मिळवा, येताना वजा करा. जाताना ८६७, येताना ७६९ च्या आसपास. वरच्या साडेपाचशे किमीच्या पल्ल्यावर पाच मिनिटांचा फरक पडला. उरलेली मिनिटं दिल्लीला उडण्याआधीच्या रांगेची. ऑक्टोबरात वारा अजून पुरता जोरात नसतो, तेव्हा वाऱ्याचा फरक याहून कमीच असेल.

जानोरी_शिवार

छान धागा आहे. आमच्या वावरावरूनच ही विमानं उतरतात. छाटणीच्या दिवसांत पश्चिमेकडून उतरणारं विमान आणि पूर्वेकडून उतरणारं विमान यावरून वारा फिरल्याचं आम्हाला कळतं.

एक जुनी गोष्ट सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. तो सगळा मार्ग मोजला तर हजार किमीच्या थोडा वर भरतो, म्हणजे आपल्या ओझर-दिल्लीएवढाच. त्यांना मधल्या थांब्यासकट सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ लागला. आज तेवढ्याच अंतराला दोन तास, आणि तेही आई-बाबांना बसल्या जागी चहा मिळून.

सिन्नरची_माहेरवाशीण

मूळ प्रश्नाकडे कोणी वळणार का? एक तास पंचवीस मिनिटं पुरतील का?

ओझर_टाउनशिप

ताई बरोबर बोलल्या. माझं स्पष्ट मत: दोन वेगळ्या तिकिटांवर हे करू नये. पाच-सहा हजार वाचतील म्हणूनही नाही.

कारण असं. वेगळं तिकीट म्हणजे दिल्लीत तुमची बॅग पट्ट्यावर येणार. ती घ्यायची, बाहेर यायचं, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायची, पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानांचे बॅगेचे काउंटर सहसा सुटण्याच्या एक तास आधी बंद होतात. मग तुमच्या ८५ मिनिटांतली हाताशी राहिली २५, आणि त्यातली पंधरा-वीस तर उतरल्यावर टर्मिनलला पोचण्यातच जातील. त्यात पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर विषयच संपला. दिल्लीत टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, पण १ लांब, बस किंवा टॅक्सी करूनच जावं लागतं. ओझरचं विमान नुसतं अर्धा तास उशिरा सुटलं तरी पुढचं तिकीट वाया, आणि दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेणार नाही.

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, दोन्ही विमानं घ्या. बॅग ओझरलाच देहरादूनपर्यंत लागते आणि पहिलं विमान उशिरा झालं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. तरीसुद्धा मध्ये अडीच-तीन तास राहतील असं बघा. म्हाताऱ्या माणसांना स्वच्छतागृह, खाणंपिणं, औषध यांना वेळ लागतो.

आडगावनाका

दिल्ली-देहरादून विमानच घ्यायला हवं का, हाही विचार करा. जायचं हरिद्वारला आहे ना? आनंद विहारहून देहरादूनची वंदे भारत संध्याकाळी सुटते, पावणेपाच तासांत देहरादून, आणि हरिद्वार त्याच्या आधीच येतं. विमानाने तासभर उड्डाण, त्याआधीचे दोन तास, उतरल्यावर बॅग आणि जॉली ग्रँटहून (देहरादूनचा विमानतळ) हरिद्वारपर्यंत आणखी पस्तीसेक किमी टॅक्सी. घड्याळ लावून बघितलं तर दोन्ही जवळपास सारखंच पडतं.

ओझर_टाउनशिप

वेळेचं बरोबर आहे तुमचं. दोनशे किमीला विमानाचा वेळेत फायदा नाही, वरच्या सूत्रातूनही तेच दिसतं. तरी या दोघांसाठी मी विमानच म्हणेन. दिल्ली विमानतळ ते आनंद विहार म्हणजे अख्खी दिल्ली ओलांडायची, संध्याकाळच्या गर्दीत, सामान घेऊन. मग फलाट, जिना, डब्यात चढणं. विमानात व्हीलचेअर मागितली की ओझरच्या दारापासून देहरादूनच्या दारापर्यंत माणूस सोबत असतो. ती फुकट असते, फक्त किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि तिकिटावर नोंद झाली का ते बघा.

गुडघ्यात धातूची वाटी आहे म्हणजे सुरक्षेच्या चौकटीत आवाज होणार. घाबरायचं नाही, हाताच्या यंत्राने तपासून सोडतात. डॉक्टरांचं पत्र खिशात असलं की बोलणं कमी लागतं. औषधं बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

सिन्नरची_माहेरवाशीण

आणि उतरताना आईंचे कान दुखले तर गोळी चघळायला द्या. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा फार त्रास झाला होता, कोणी आधी सांगितलंच नव्हतं. खाली येताना केबिनमधला दाब वाढत जातो, आवंढा गिळला की कान मोकळे होतात. झोपल्या असतील तर उतरायला लागल्यावर उठवायचं.

गंगापूररोड_पश्चिम

सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. एकाच पीएनआरचं तिकीट मिळतंय, दिल्लीत दोन तास पन्नास मिनिटं मध्ये आहेत, दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरून. तेच काढतोय. व्हीलचेअरची नोंदही लगेच करतो. बाबांनी वहीत ओझर-देहरादून सरळ अंतर काढायला घेतलंय, नकाशावाल्यांच्या रीतीने.

शेवटचं एक विचारतो. गंगापूर रोडहून ओझरला किती आधी निघू?

आडगावनाका

रस्ता मोकळा असला तर पाऊण तास. पण नाशिकच्या द्वारका चौकात आणि पुढे दहावा मैल फाट्याला गाड्या अडकतात, आणि ऑक्टोबरात सणाची गर्दी असते. विमान सुटायच्या तीन तास आधी घर सोडा. दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळायचं, ओझर गावात शिरायचं नाही. ड्रायव्हर नवीन असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

जानोरी_शिवार

पाऊस झालेला असला तर वळणानंतर गाडी जरा हळू घ्यायला सांगा. बाकी रस्ता चांगला आहे.

नकाशावाला

बाबांना सांगा, देहरादूनसाठी ३०.१९ उत्तर, ७८.१८ पूर्व घ्या, आणि रेखांशाला १०१ ऐवजी १०० धरा. उत्तर इथे टाका, ताडून बघतो.